अंतराखाऊ

आत्या दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून एका माणसाला शिव्या घालत असे, आणि तो माणूस तिच्या शेजारी बसून "हो ना" म्हणत असे. हे त्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

गाण्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागायचा. एखादी मुलगी चमचमत्या पायऱ्या उतरून यायची आणि हिंदी सिनेमातलं जुनं गाणं धरायची. मुखडा व्हायचा, पहिला अंतरा व्हायचा. आत्या हातातलं काम खाली ठेवून खुर्चीच्या अगदी कडेला सरकायची. आता येणार, आता येणार. आणि तेवढ्यात गाणं घसरगुंडीवर बसल्यासारखं सुर्रकन शेवटच्या ओळीवर येऊन आपटायचं. टाळ्या. परीक्षकांचे रुमाल.

"खाल्ला!" आत्या ओरडायची. "परत खाल्ला मेल्यानं! कोण रे हा दुसरा अंतरा खातो? ह्याच्या घरी काही शिजत नाही का?"

"हो ना," भाचा म्हणायचा.

"तिथेच आत कुठेतरी बसलेला असणार अंतराखाऊ. तू तिथेच कामाला ना? कधी दिसला नाही तुला?"

"तिथे खूप माणसं असतात गं आत्या."

"लठ्ठ असणार. एवढे अंतरे खाऊन."

भाचा आपल्या हाडकुळ्या गुडघ्यांकडे बघत बसायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशी दर शनिवारी त्याच्या घशात खवखव व्हायची. मग आत्याच उठून त्याला गरम पाणी आणून द्यायची, म्हणजे आणखी खवखवायचं.

कार्यक्रमाच्या इमारतीत लिफ्टच्या मागे एक खोली होती. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत, आता भाच्याला ठेवत. खोलीला खिडकी नव्हती, पण असती तर जिथे असती तिथे कोणीतरी पडदा लावून दिला होता. तिथे त्याला सगळे कात्री म्हणत. जुनं गाणं दीड मिनिटात बसवणं हे कात्रीचं काम. जुनी गाणी मापात बसत नसत. ती ज्यांच्यासाठी केली त्या लोकांना कुठे जायचं नव्हतं बहुतेक. आधी व्हायोलिनं यायची, मग बासरी यायची, मग बासरीला काहीतरी आठवायचं, मग बाई श्वास घ्यायची, आणि मग कुठे मुखडा. कात्री गाण्याचं पोट उघडून दुसरा अंतरा अलगद बाहेर काढायचा आणि असे टाके घालायचा की गाण्यालासुद्धा घरी गेल्यावरच कळावं. नव्या गाण्यांचं उलटं. ती मुळात अंगाने कमी. त्यांना ताणावं लागे, एकच ओळ पुन्हा पुन्हा चिकटवून.

"जुनं गाणं म्हणजे मासा," तो म्हणायचा. "काटा कुठे आहे ते ठाऊक पाहिजे. नवं गाणं म्हणजे काकडी. कुठूनही कापा, काकडीच."

त्याला जुनं आवडतं की नवं, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. खाटकाला बकरी आवडते की कोंबडी हे कोण विचारतं?

कापलेले अंतरे कुठे जातात हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रीतसर ते कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या टोपलीत जायला हवेत. पण एसी बंद झाला की टेबलाखालून बारीक सारंगी ऐकू यायची. खुर्ची मागे सरकवली की चाकाखाली एखादी ओळ सापडायची आणि 'स्स' करायची. तो घरी निघाला की दोन-तीन अंतरे मागोमाग निघायचे, भटक्या मांजरांसारखे, भिंतीच्या कडेकडेने. तो थांबला की तेही थांबायचे आणि दुसरीकडे बघायचे. सिग्नलपाशी मात्र ते त्याच्या बाहीला घट्ट चिकटत. अंतऱ्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटते. जन्मभर गाण्याच्या मधोमध राहिलेले असतात, कडेची सवय नसते.

घरी त्याने एवढंच सांगितलं होतं की काम तांत्रिक आहे.

"तांत्रिक म्हणजे? भुतं उतरवतोस?"

"साधारण," तो म्हणाला होता, आणि ते खोटंही नव्हतं. ऑफिसातून कोणाचा फोन आला आणि "कात्री आहे का?" असं विचारलं, की आत्या त्याला हाक मारायची आणि त्याच्या पायांकडे बघून म्हणायची, "नाव मात्र बरोबर ठेवलंय हो."

आता दुसऱ्या अंतऱ्याचं आत्याला एवढं काय, असं कोणीही विचारेल. तर त्या घराला गाण्याचं दुसरं काही येतच नव्हतं.

आत्याचे बाबा, म्हणजे कात्रीचे आजोबा, वस्तू जपणारे. वापरली की झिजते, ह्यावर त्यांची श्रद्धा होती. घरात रेडिओ होता, जुना, आतले दिवे तापल्यावर बोलणारा. पण तो उगाच लावून बसायचा नाही. शेजाऱ्यांचा रेडिओ दिवसभर चालू असे आणि बाबा भिंतीला कान लावून उभे राहत. भिंतीतून शब्द येत नसत, नुसतं म्हं-म्हं-म्हं, जाड पांघरुणात गुंडाळलेलं गाणं. तेवढ्यावरून बाबा ठरवत की हे गाणं रेडिओ झिजवण्याच्या लायकीचं आहे की नाही. लायकीचं असलं की हुकूम सुटे, "लाव!" आत्या, तेव्हा फ्रॉकमधली, धावत जाऊन बटण फिरवी. मग रेडिओ तापायला घेई. तो तापून बोलता होईपर्यंत मुखडा गेलेला, पहिला अंतरा गेलेला, आणि एकदम खोलीत दिवा लागल्यासारखा लख्ख दुसरा अंतरा. तो संपला की "बंद!"

सगळं लहानपण असं गेलं. आत्याला ढिगाने गाणी येत होती आणि एकाचीही सुरुवात येत नव्हती. गाणं म्हणायची तिची पद्धत ठरलेली: आधी तोंड मिटून म्हं-म्हं-म्हं, भिंतीपलीकडून आल्यासारखं, मग मान वर करून दुसरा अंतरा, स्वच्छ, एकही शब्द न चुकता. कात्रीचे आई-वडील जहाजावर नोकरीला होते. ते बॅगा घेऊन येत, पाहुण्यांसारखे लाजत आणि परत जात. त्यामुळे तो आत्याकडेच वाढला आणि गाणी अशीच असतात असं धरून चालला. शाळेत त्याने एकदा तसं गाऊन दाखवलं तेव्हा बाईंनी विचारलं, "दाढ दुखतेय का रे?"

म्हणजे आपण काय कापतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी दुसरा अंतरा हा गाण्याचा तुकडा असेल. त्याच्या घरी ते अख्खं गाणं होतं.

आत्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत होती. तिथे चादरी डोंगरासारख्या येत आणि पाटीसारख्या सपाट होऊन जात, आणि मधल्या वाफेत माणसं कमरेपासून वरच दिसत. आत्या डाग बघायची. नुसत्या बोटाने ओळखायची. रक्ताला गार पाणी, तेलाला पीठ, आणि गाण्याला कोमट. हे शेवटचं तिने घरी शोधून काढलं होतं, कारण भाच्याचे शर्ट ती स्वतःच्या हाताने धुवायची आणि त्यांच्या बाह्यांना कायम कसलंतरी गाणं लागलेलं असायचं. बादलीत शर्ट बुडवला की पाणी हलकं निळं व्हायचं आणि दोन ओळी वर यायच्या.

"जरा बघून जेवत जा," ती म्हणायची. "सगळं बाहीला सांडवून येतोस."

तो बाही आत दुमडून घ्यायचा.

एका शनिवारी आत्याचं फारच आवडतं गाणं लागलं. आवडतं म्हणजे, भिंतीतून नुसतं म्हं-म्हं ऐकूनच बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते. मुखडा झाला. पहिला अंतरा झाला. आत्याने टीव्हीच्या दिशेने चक्क हात पुढे केले, पोर पाळण्यातून पडायला आलंय आणि आपण झेलतोय असे. गाणं सुर्रकन संपलं. हात तसेच राहिले.

ह्या खेपेला ती ओरडली नाही. तिने हात मागे घेतले, मांडीवर ठेवले, नीट घडी घालून.

"मीच जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिथे. मी गायला उभी राहिले की खाऊन दाखव म्हणावं."

कात्रीची पाचावर धारण बसली. तो म्हणाला, वय असतं. ती म्हणाली, आहे की माझ्याकडे, भरपूर. तो म्हणाला, तिथे फार मोठी रांग असते. ती म्हणाली, चादरींपेक्षा? तो म्हणाला, सुरुवातीपासून गावं लागतं.

"भिंतीतून येतं तसं म्हणेन," ती म्हणाली. "माझी सुरुवात तीच आहे."

आणि तिची निवड झाली. निवडणाऱ्यांनी कागदावर 'मौलिक' असं लिहिलं, मग खोडून 'मौखिक' केलं, मग दोन्ही ठेवलं.

तो भाग 'जुनं विरुद्ध नवं' असा होता. आत्याच्या विरुद्ध दातांचं शिकणारा एक तरुण होता, त्याला सगळे दंतवैद्य म्हणत. परीक्षक दोन. एक शालवाले, त्यांच्या मते गाणी त्यांच्या तरुणपणी संपली, पुढे झाला तो नुसता आवाज. दुसऱ्या चष्मेवाल्या, त्यांचा गॉगल एवढा मोठा की समोरचा त्यात स्वतःला दोनदा दिसे. त्यांच्या मते गाणी कालच सुरू झाली. दर आठवड्याला दोघे भांडत आणि मग एकाच गाडीतून घरी जात.

दंतवैद्याने नवं गाणं म्हटलं. त्यात 'ओ' पुष्कळ होते. आत्या बाजूला उभी राहून मन लावून ऐकत होती, पुढे सरकत, पुढे सरकत. गाणं संपलं.

"ह्यात दुसरा अंतरा नाही?" तिने हळूच विचारलं.

"पहिलाच नाहीये, आत्या," दंतवैद्य म्हणाला.

"अरेरे. मग लावायचं तरी कधी?"

मग आत्या दिव्यांखाली गेली. तिने तोंड मिटलं. म्हं-म्हं-म्हं सुरू झालं तशी त्या प्रचंड हॉलच्या चारी भिंती एकमेकींजवळ आल्या. माणसं नकळत एका कुशीवर झाली; कित्येकांनी कान शेजाऱ्याच्या खांद्याला लावला. कॅमेरे चालवणाऱ्याला वाटलं आपण लहान आहोत आणि बाजूच्या खोलीत मोठी माणसं काहीतरी चांगलं बोलताहेत. आणि मग आत्याने मान वर केली आणि दुसरा अंतरा लागला.

कोणालाही तो ओळखू आला नाही. कसा येणार? गेली कित्येक वर्षं तो कोणी ऐकलाच नव्हता, आणि त्याला कारण लिफ्टच्या मागे बसलं होतं.

गाणं संपल्यावर शालवाले उठले. खांद्यावरची शाल सारखी केली. "बाई, आवाज फार गोड," ते दुःखाने म्हणाले, "पण निवड चुकली. आजचा विषय जुनं. हे आजकालचं काहीतरी म्हटलंत. आमच्या वेळी शब्दांना वजन असायचं."

"तेच तर!" चष्मेवाल्यांनी गॉगल काढला, आत डोळे होते. "किती ताजं आहे हे! कुठलं आहे? ह्याच महिन्यातलं ना?"

"माझ्या लहानपणचं आहे," आत्या म्हणाली.

दोघेही कौतुकाने हसले. बाईंना विनोद येतो असं दोघांचंही मत पडलं, आणि त्या दोघांचं एकमत झालेलं पाहून हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोघे गळ्यात पडून रडले. ते सगळं चित्रित झालं.

दुपारी मॅडम कात्रीच्या खोलीत डोकावल्या. मॅडम म्हणजे कार्यक्रमाच्या सर्वेसर्वा. त्यांना दोन फोन होते आणि त्या दोन्हींवर स्वतःच बोलत असाव्यात अशी शंका येई. कात्रीने आत्याचं नातं तिथे कोणाला सांगितलं नव्हतं.

"अरे कात्री, त्या लॉन्ड्रीवाल्या आजींचं म्हं-म्हं पूर्ण ठेव. कमाल आहे ते. पुढचं ते काय कळत नाही, ते काढ."

"पुढचं म्हणजे अंतरा."

"जे काय असेल ते. तिथे परीक्षकांचं रडणं टाक. दीड मिनिट, बरं का."

मॅडम गेल्या. कात्रीने अंतरा पडद्यावर उघडा पाडला. हिरव्या रंगाची आवाजाची लाट होती, मधे टेकड्या, दोन टेकड्यांमध्ये आत्याचा श्वास. त्याने सुरुवातीला एक खूण केली, शेवटी एक खूण केली आणि तसाच बसून राहिला. हात उचलेना. टेबलाखाली सगळे चिडीचूप होते. आपल्यात आज कोण येतंय ते बघत होते.

तिकडे बाहेर दंतवैद्याच्या पांढऱ्या कोटावर चहा सांडला. आत्याला डाग दिसला आणि तिला तो बघवेना. तिने पहारेकऱ्याला विचारलं, बादली कुठे मिळेल? पहारेकरी जुना माणूस. "बादल्या ना? लिफ्टच्या मागे."

दार उघडलं. दारात आत्या, हातात कोट. समोर पडद्यावर आत्या, तोंड उघडं, मान वर. मधे कात्री.

"तू इथे?" दारातली आत्या म्हणाली.

"हो."

"ही मी ना?"

"हो."

"मग थांबवलंयस का मला अशी आ वासून?"

"तिथे... तिथे अंतरा सुरू होतोय."

तो आणखीही काही बोलला असता, पण तेवढ्यात टेबलाखालून एक अंतरा बाहेर आला. त्याच्यामागून दुसरा. मग ओळीने सगळे. इतकी वर्षं त्याने दाबून ठेवलेली गोष्ट त्यांनी चालत जाऊन सांगितली. ते आत्याच्या घोट्यांना अंग घासू लागले, कोणी सतारीचं, कोणी नुसत्या टाळीचं. आत्या खाली वाकली. तिने एकेकाला बोट लावून ओळखलं. हा गेल्या शनिवारचा. हा त्या निळ्या फ्रॉकवाल्या मुलीचा. हा तुला ताप होता तेव्हाचा.

ती वर उभी राहिली तेव्हा कात्रीला वाटलं, आता शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या त्याला पाठ होत्या.

"मी तुझे शर्ट धुते," ती म्हणाली. "बाहीला रोज दुसरा अंतरा. मुखडा एकदाही नाही. मला वाटायचं कँटीनमध्ये कोणीतरी सांडवतं तुझ्या अंगावर. म्हटलं, भोळा आहे, बाजूला सरकत नसेल."

"आत्या, मी सांगणार होतो..."

"लठ्ठसुद्धा नाहीयेस," ती म्हणाली.

एवढं बोलून तिने ओठ मिटले. आणि मिटलेल्या ओठांनी म्हं-म्हं करत, कोट घेऊन, बादलीशिवाय निघून गेली.

घरी त्या दिवसापासून भिंत उभी राहिली. आत्या सगळं करायची, बोलायची तेवढी नाही. एक आखूड 'म्हं' म्हणजे चहा झालाय. दोन म्हणजे किल्ली घेतलीस का. लांबट, खाली जाणारं 'म्हं' म्हणजे तुझ्या आईचा फोन होता, जहाज बंदरात आहे, तुला विचारत होती, मी म्हणाले, बरा आहे. त्याला सगळं कळायचं. तो त्याच घरात वाढला होता. पण पूर्वी म्हं-म्हं नंतर शब्द यायचे. आता त्याने कितीही वेळ वाट पाहिली तरी मान वर होत नव्हती. आणि शर्ट धुतले जात, पण कोमट पाण्यात नाही, गार पाण्यात. गार पाण्यात गाणं जात नाही. बसून राहतं.

कात्रीने तो भाग कापायला घेतला तो शुक्रवारी, अगदी शेवटच्या घटकेला. मॅडमना त्याने सांगितलं, "होतंय." आधी त्याने सूत्रसंचालकाचे सगळे 'बाप रे' काढले. मग आत्याच्या लॉन्ड्रीची ती फिल्म, जिच्यात वाफ सावकाश चालत होती आणि मागे कोणीतरी विनाकारण पियानो वाजवत होतं, ती काढली. मग शालवाल्यांचं उठणं, शाल सारखी करणं, बसणं. चष्मेवाल्यांचा गॉगल, त्यामागचे डोळे, डोळ्यांतलं पाणी. गळाभेट. उभा हॉल, बसता हॉल. टाळ्या तर त्याने झाडून काढल्या. राहिलं काय, तर म्हं-म्हं आणि अंतरा, एकाला एक लागून, मधे एकही टाका न घालता. मोजलं तर दीड मिनिट भरलं. त्या दिवशी टेबलाखाली ओल आली; एवढे अश्रू कधी कापले नव्हते. पहारेकऱ्याने फरशी पुसली आणि नळ तपासला.

शनिवारी संध्याकाळी आत्या नेहमीच्या खुर्चीत बसली. कात्री शेजारी. पायऱ्या चमचमल्या. आत्या स्वतःला उतरताना बघत होती, ओळखीची बाई आहे पण नाव आठवत नाही अशी. म्हं-म्हं सुरू झालं. खोली अंधुक झाली. पडदा थोडा हलला. कात्रीने डोळे मिटले, कारण बघायचं काय, ते त्याला पाठ होतं. ऐकायचं होतं ते शेजारच्या खुर्चीतून.

अंतरा लागला. ओळ झाली, दुसरी झाली. आत्या कडेला सरकली नाही. तिचे हात मांडीवर होते आणि त्यांत शिवायला घेतलेलं बटण होतं. तिसरी ओळ. चौथी. कोणी आलं नाही. कोणी खाल्लं नाही. अंतरा आपल्या पायाने शेवटपर्यंत चालत गेला, तिथे जरा टेकला आणि संपला. मग टाळ्यासुद्धा नव्हत्या. एकदम साबणाची जाहिरात.

दोघेही साबणाकडे बघत राहिले.

कात्रीचा फोन वाजला. मॅडम. आधी एक फोन, मग दुसऱ्या फोनवरून पुन्हा तोच फोन. "कात्री, माझं रडणं कुठे गेलं?" त्या म्हणाल्या, त्यांना परीक्षकांचं म्हणायचं होतं. "तुला मी उद्या बघणार होते. पण इकडे फोन थांबत नाहीयेत. सगळे विचारताहेत, हे नवं गाणं कुठलं? तरुण मुलं विचारताहेत! आणि म्हातारे रागावलेत, म्हणताहेत आजकालच्या गाण्यांत काही अर्थ राहिला नाही. दोघंही बघताहेत! ऐक. पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचे मुखडे काप. जुनं गाणं, मुखडा काढ, दुसरा अंतरा ठेव. झालं नवं! कळलं?"

"कळलं," कात्री म्हणाला आणि फोन ठेवला.

आत्याने एक आखूड, प्रश्नार्थक 'म्हं' केलं.

"मॅडम होत्या. म्हणताहेत, आता अंतरे ठेव, मुखडे काप. सगळ्या गाण्यांचे."

त्याला वाटलं होतं तिला बरं वाटेल. इतकी वर्षं जे मागत होती ते घरपोच आलं होतं. आत्याने बटणात सुई अर्धवट ठेवली. तिचा चेहरा हळूहळू तापल्यासारखा झाला, आणि मग मान वर आली.

"नाही," ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी शब्द ऐकून कात्री दचकलाच.

"मुखडे कापायचे नाहीत. सांग त्यांना."

"अगं पण तुला तर..."

"कोणाच्या तरी घरी मुखडा तेवढाच येत असेल," आत्या म्हणाली. "तेवढाच ऐकून झोपायला जात असतील. तुला काय माहीत?"

कात्रीला खरंच माहीत नव्हतं. लोकांच्या घरी काय काय येतं आणि काय येत नाही, ह्याचा विचार करायची त्या खोलीत सोय नव्हती.

"मग कापू काय?" त्याने विचारलं. "दीड मिनिट असतं, आत्या. काहीतरी कापावंच लागतं."

"आज कापलंस तेच. माणसं काप. गाण्याला हात लावू नकोस." तिने सुई बटणातून ओढली. "तिसऱ्या ओळीत मी थुंकी गिळली."

"ऐकलं मी."

"सगळ्या जगाला ऐकू आली. ती काढता आली असती?"

"सहज."

"मग?"

"म्हटलं, राहू दे."

आत्याने त्याच्याकडे नीट बघितलं, डागाकडे बघते तसं, कशाचा आहे आणि कशाने जाईल. मग हात लांब करून त्याच्या बाहीवर बोट फिरवलं.

"काढ हा शर्ट," ती म्हणाली. "पाणी कोमट करते. आणि तोपर्यंत फोन लाव तुझ्या बाईला. माझ्यासमोर लाव. मी उभी आहे."

कात्रीने शर्ट काढून तिच्या हातात दिला आणि बनियनवर उभा राहून मॅडमना फोन लावला. पहिला फोन व्यस्त होता. त्याने दुसरा लावला.